सगळी वारली चित्रं सारखीच दिसतात, मग जिव्या सोमा म्हसे एवढे मोठे का मानले जातात?

सारखी दिसतात, कारण आपण ती बहुतेक वेळा कुर्त्यावर, कपावर नाहीतर शाळेच्या कुंपणावर बघतो. दोन त्रिकोणांचा माणूस आणि तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचं नाचाचं रिंगण एकदा साच्यात बसलं की तेच छापलं जातं. जिव्याबाबांचं मूळ चित्र मात्र जवळ जाऊन बघावं लागतं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते मासे धरायच्या जाळ्याचं. शेणाने सारवलेलं कापड, त्यावर पांढरं जाळं. लांबून वाटलं, धुकं उतरलंय. अगदी जवळ गेलो तर एकेक रेघ सुटी ओढलेली, कुठे दाट, कुठे विरळ, आणि सगळं जाळं वाऱ्याने फुगल्यासारखं हलतंय. ते फेकणारा माणूस मात्र बोटाच्या पेराएवढा. मी बराच वेळ तिथून हललोच नाही. असं जाळं साच्यातून निघत नाही हो.

आता त्यांनी काय बदललं ते सांगतो. वारल्यांकडे चित्र लग्नात काढायचं, कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने, आणि काढायचं सवाशिणींनी. चौकात, म्हणजे चित्राच्या मधल्या चौकटीत, पालघाट देवी बसवायची. लग्न उरकलं की चित्राचं कामही झालं. जिव्याबाबा पुरुष असून काढायला लागले आणि लग्नाची वाट न बघता रोज काढत राहिले. लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं होतं, जे सांगायचं ते मातीत रेघोट्या ओढून सांगायचे. मला त्यांच्या चित्रांचं मूळ तिथे दिसतं. देवीच्या चौकाबाहेरचं सगळं, म्हणजे भाताची शेतं, पाखरं, मुंग्या, त्यांना सांगायचं होतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणू भागात आले, त्यांनी हा हात ओळखला आणि कागद दिला. 1975 साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं. पुढे 1989 मध्ये पॅरिस, 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराच्या बरोबरीने, आणि 2011 साली पद्मश्री.

एवढं होऊनही आपल्याकडे त्यांना 'लोककलाकार' म्हणून बाजूला बसवतात, याचा मला मनापासून राग येतो. शहरातल्या चित्रकाराची शैली त्याची स्वतःची, आणि यांची मात्र जमातीची, हा कुठला न्याय? 2018 साली ते गेले, तोवर मुक्काम डहाणू भागातल्या गंजाड गावीच. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार आहेत. तिघांची चित्रं शेजारी ठेवून बघा. घर एक, विषय तेच, तरी बापाची रेघ वेगळी ओळखू येते.