सिंधू आंबा: बाठा शोधू नका, आधी नीट पिकू द्या

कुडाळच्या मित्रानं चार सिंधू दिले, पहिल्यात बाठा सापडलाच नाही आणि चव ‘हापूससारखी पण पुचाट’ लागली, असं तुम्ही लिहिलंय. हा आंबा जीएम, म्हणजे जनुकांत बदल करून बनवलेला, आहे का, एखादं कलम लावावं का, हेही विचारलंय.

जीएम वगैरे काही नाही हो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नेहमीच्या पद्धतीनं संकर करून काढलेली ही जात आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ती १९९२ साली प्रसारित केली. आई रत्ना, बाप हापूस. रत्ना स्वतः नीलम आणि हापूसचं लेकरू, म्हणजे सिंधूच्या घरात हापूस दोन्हीकडून आलाय. तुम्हाला ओळखीचा वास आला तो उगाच नाही.

बाठा अजिबात नसतो असंही नाही. कवच असतं, पण पापडाएवढं पातळ, आणि आतली कोय सुकून गेलेली. हापूस आडवा कापायला गेलात तर सुरी बाठ्यावर अडते. सिंधूत ती किंचित कुरकुरते आणि पलीकडे जाते. आमच्या मामानं पहिल्यांदा असा आंबा पावासारखा आडवा कापून ताटात मांडला, तेव्हा आजीनं चकत्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, ‘ह्येचो बाठो खंय गेलो? पोरांनी चोखूचा काय?’ मला तिचा प्रश्न अजून बिनतोड वाटतो. सासवात, म्हणजे पिकल्या आंब्यांच्या मोहरी-खोबरं घातलेल्या कालवणात, हा आंबा घालून बघा, म्हणजे कळेल. रस चांगला होतो, पण जेवण झाल्यावर ताटात चोखत बसायला काही उरत नाही. सासवाला रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेला गावठी आंबाच हवा.

कोय सुकलेली असण्याचा एक मोठा फायदा मात्र आहे. हापूसमधला साका, म्हणजे बाहेरून देखणा आणि आत पांढरट, आंबूस गर, हा कोयीशी जोडलेला आहे. फळ झाडावर असतानाच कोय आतल्या आत रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गराचा सत्त्वांश ओढते, असं बंगळूरच्या बागवानी संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय. जिथे जिवंत कोयच नाही, तिथे ओढणार कोण? मी इतकी वर्षं सिंधू खातोय, साका एकदाही निघाला नाही. हापूसच्या पेटीबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही.

आता तुमचा पुचाटपणा. माझा संशय असा की तुम्ही घाई केलीत, किंवा आंबा फ्रीजमधून थेट ताटात आला. आंबा अर्धकच्चा असला की गोडी वर येत नाही, आणि थंडगार असला की वास मरतो. उरलेले तीन फ्रीजबाहेर काढा, गवतात नाहीतर वर्तमानपत्रात ठेवा, एकमेकांवर रचू नका. नुसत्या रंगावर जाऊ नका. देठाशी नाक नेल्यावर वास आला आणि हलक्या दाबानं फळ सगळीकडे सारखं नरम लागलं, की काढा. तरीही हापूसचा तो डोक्यात जाणारा घमघमाट मिळणार नाही. सिंधू सौम्य आहे. गर रेषारहित, घट्ट, गोड आणि मागून जरासा आंबटपणा. मला सकाळी, काही न खाता, आवडतो. जेवणावर नाही.

कलमाचं म्हणाल तर हौसेला एखादं जरूर लावा, पण विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच घ्या. सिंधूचं म्हणून दुसरंच काही गळ्यात मारणारे मला दोनदा भेटलेत, आणि पहिला आंबा धरेपर्यंत चार वर्षं ते कळत नाही. जोड नीट बसलाय ना आणि जोडाखाली फूट आलेली नाही ना, एवढं बघून घ्या. खालची फूट वाढू दिलीत तर ती रायवळची, कारण कोकणात आंब्याचं कलम रायवळच्या रुजवलेल्या कोयीवरच बांधतात. सिंधूसुद्धा त्याला अपवाद नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं हसत होती.