कोलकात्याच्या लग्नाला निघालेल्या ताईंना: ती बॅग अंगावरून उतरवू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बहिणीच्या मुलीचं लग्न, मुलगा बंगाली, डिसेंबरचा पहिला आठवडा, कोलकात्यात जेमतेम तीन दिवस, आणि घरातल्या कुणीच ते शहर पाहिलेलं नाही. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की विधीचं सगळं सामान एकाच मोठ्या बॅगेत भरून चेक-इन करणार, म्हणजे हात मोकळे राहतील. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. 2018 च्या डिसेंबरात मी नेमका ह्याच जागी होतो. भाचीचं लग्न, मी सख्खा मामा, अंतरपाट माझ्या ताब्यात. मी तर बॅग हातात घेऊन निघालो होतो, आणि तरी घालवली.

साड्या कोणत्या, स्वेटर न्यायचे का, रसगुल्ले कुठले, हे बाकीच्यांनी लिहिलंच आहे. मी फक्त बॅगेबद्दल बोलतो. (असं म्हणतोय खरा, पण मी नागपूरकर आहे, एका विषयावर थांबणं अवघड.)

विमानात चढायच्या रांगेत कंपनीची मुलगी म्हणाली, "सर, वरचे कप्पे भरलेत, ही बॅग खाली टाकावी लागेल, पैसे नाही लागणार." फुकट म्हटल्यावर मी खूश. दिली. त्या बॅगेत अंतरपाट, दोन्हीकडच्या मुंडावळ्या, बहिणीने हाताने उतरवलेली मंगलाष्टकांची वही, विहीणबाईंची पैठणी आणि माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. नवरदेवाची कट्यार केबिनमध्ये चालत नाही म्हणून आधीच दुसऱ्या बॅगेत चेक-इन केली होती. ती सुखरूप आली. जिच्यावाचून काहीही अडलं नसतं, ती पहिल्या पाच मिनिटांत पट्ट्यावर हजर. दुसरी आलीच नाही.

आता माझी खरी चूक. बॅग गेली ही चूक नव्हे, बॅगा जातात. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं, माझ्या बोर्डिंग पासच्या मागे एक मोबाइल नंबर लिहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "सर, उद्या सकाळच्या विमानाने येईल, आम्ही पत्त्यावर पोहोचवतो, तुम्ही निश्चिंत लग्नाला जा." बाहेर पंधरा माणसं टॅक्सीत बसून खोळंबलेली, बहीण सारखी फोन करतेय. मी निश्चिंत होऊन निघालो.

ताई, बॅग आली नाही तर तिथून एक कागद घेतल्याशिवाय हलू नका. त्याला पीआयआर म्हणतात, प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट. त्यावर संदर्भ क्रमांक असतो, बॅगेच्या टॅगचा नंबर असतो. तो असेल तर तुमची बॅग हरवली आहे. तो नसेल तर तुम्ही नुसतं कुणाशी तरी बोलून आलात. आणि सामानाच्या पट्ट्याच्या हॉलमधून एकदा बाहेर पडलात की परत आत जाणं म्हणजे दिव्य. तिथला जवान सोडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, ते त्याचं कामच आहे.

दुसऱ्या दिवशी बॅग नाही, लिहून दिलेला नंबर बंद. आम्ही उतरलो होतो गडियाहाटजवळ, म्हणजे शहराच्या दक्षिणेला, आणि विमानतळ पार उत्तरेला. दीड तास जायला, दीड तास यायला. त्या दिवशी दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत तासभर बाहेरच उभा. दुसऱ्या खेपेत एका बाईंनी दार उघडून माझं ऐकून घेतलं, आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या नावाची तक्रारच नोंदलेली नाही." मी तो बोर्डिंग पास दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कोणाचा नंबर?" कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, त्याने काही होत नाही, आणि माझ्या ओळखीतल्या दोघांना दुसऱ्या कंपन्यांनीही असंच फिरवलंय.

तर कोलकात्याचं माझं पहिलं दर्शन म्हणजे व्हीआयपी रोड, उलटाडांगा आणि बायपासची वाहतूक, येता-जाता पाच वेळा, पिवळ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवरून, शिव्या देत. हॉटेलवर आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो की हे शहर भिकार आहे, भिंतींचे पोपडे निघालेत, हॉर्नने कान किटले. शहराने माझं काय केलं होतं? काही नाही. पण तीन दिवसांच्या लग्नात माणूस शहर बघत नाही, स्वतःची धावपळ बघतो, आणि तिलाच शहर म्हणतो.

सुटका झाली ती मुलाच्या काकींमुळे. त्यांनी माझा अवतार पाहिला आणि एकच विचारलं, "काय काय गेलं? यादी करा." आणि मला गडियाहाटच्या बाजारात घेऊन गेल्या. तिथे 'दशकर्मा भांडार' नावाची दुकानं असतात. हे नाव लक्षात ठेवा. पूजेचं, लग्नाचं, बारशाचं, श्राद्धाचं सगळं एका छपराखाली. हळकुंडं, सुपाऱ्या, कलश, हळदकुंकू, धूप, काय हवं ते. अंतरपाटासाठी त्यांनी फुटपाथवरून नवाकोरा गमछा घेतला, पांढरा, लाल काठाचा. त्यावर कुंकवाऐवजी आलत्याने स्वस्तिक काढलं, काकींनीच. आमच्या आईने नाक मुरडलं, पण काठ पाहून म्हणाली, आपल्यापेक्षा चांगला दिसतो.

मुंडावळ्या मात्र दशकर्मावाल्याला कळेनात. तो सारखा शोल्याचा (शोला म्हणजे पाणवनस्पतीचा हलका पांढरा गर) टोपोर दाखवायचा, बंगाली नवरदेवाचा तो पांढरा उंच मुकुट. शेवटी कुणीतरी सुचवलं, हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. तिथल्या एका मराठी काकूंनी आपल्या कपाटातून मोत्यांच्या मुंडावळ्या काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत, वर विचारलं, "मंगलाष्टकं म्हणायला कुणी आहे का?" त्या आल्या आणि दोन कडवी म्हटली. हा पत्ता तुमच्याही वहीत असू द्या.

बरं, नागपूरचा म्हटल्यावर तिथे माझी एक वेगळीच ओळख झाली. मुलाचे मेसो (मावशीचे यजमान) मला तीन दिवस 'बोर्गी' म्हणून हाक मारत होते. तिकडे बाळाला झोपवायच्या गाण्यात अजून बोर्गी येतात, खंडणी मागायला. हे बोर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. 1742 मध्ये त्यांच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, फौज शहरावर आलीच नाही, खंदक अर्धवट राहिला, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात अजून मराठा डिच लेन आहे. मेसो म्हणाले, "तेव्हा तुम्ही आमचं सामान नेलंत, आता आमच्या गावात तुमचं गेलं, फिटंफाट." त्या दिवशीचं माझं ते पहिलं हसू.

आता एक सूचना जी कुणीच दिलेली नाही. आमच्या गुरुजींनी नागपूरचा सूर्यास्त धरून 5 वाजून 40 मिनिटांचा गोरज मुहूर्त काढून दिला होता. कोलकात्यात डिसेंबरच्या सुरुवातीला 5 च्या आतच सूर्य मावळतो, नागपूरपेक्षा जवळपास 40 मिनिटं आधी. आम्ही अंतरपाट धरला तेव्हा चांगला काळोख झालेला. मुलाचे मामा म्हणाले, "गाई केव्हाच गोठ्यात जाऊन झोपल्या." तुमच्याकडेही गोरज असेल तर गुरुजींना कोलकात्याचा सूर्यास्त सांगा. आणि जे काही बघायचं असेल ते सकाळी लवकर बघा, दुपारी जेवून निघालात तर अंधारच बघाल.

रात्रीचं बंगाली लग्न शांतपणे बसून बघा. नवरी पाटावर बसलेली, भाऊ तिला पाटासकट उचलून नवरदेवाभोवती सात फेरे घालतात, आणि तिने तोंडासमोर विड्याची दोन पानं धरलेली असतात. मग ती पानं बाजूला होतात. मला एकदम कळलं की हा त्यांचा अंतरपाट आहे, फक्त आमचा मामाच्या हातात असतो आणि त्यांचा नवरीच्या. तेवढं एक माझ्यासाठी अख्ख्या प्रवासाचं मोल होतं.

आणि पैठणीसाठी मी जिवाचं पाणी केलं, तर कळलं की जुन्या रीतीने मुलाची आई मुलाचं लग्न बघायला येतच नाही! विहीणबाई घरी. पैठणी पुढे नागपूरहून स्पीड पोस्टाने गेली. कारण बॅग आम्ही परतायच्या आदल्या दिवशी नागपूरच्या पत्त्यावर पोहोचली होती, शेजाऱ्यांनी सही करून घेतली. आमच्या आधी घरी. नंतर मी सरकारच्या एअरसेवावर तक्रार टाकली. उत्तर आलं, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, पण त्या दिवसाचा टॅक्सीखर्च मिळाला नाही, कारण मुळात नोंद नव्हती.

थोडं सुटं सुटं, आठवेल तसं:

विधीचं सामान खांद्याच्या पिशवीत घ्या, पायाशी मावेल अशा. चाकांची बॅग कधीही मागून घेतात, पिशवी सहसा मागत नाहीत. गोळ्या आणि मंगळसूत्र पर्समध्ये. खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, सुकं खोबरं विमानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. तिकडून घ्या.

आमच्या वेळी विमानतळापर्यंत मेट्रो नव्हती. ऑगस्ट 2025 पासून नोआपाडा ते विमानतळ सुरू झाली आहे, नोआपाड्याला गाडी बदलून थेट कालीघाटकडे जाता येतं. वऱ्हाडाला सामानासकट नाही सुचवणार, पण बॅगेसाठी एकट्याने खेप मारायची वेळ आलीच तर हीच घ्या.

बंगाली पौष डिसेंबरच्या मध्याला लागतो आणि मग महिनाभर तिकडे लग्नं होत नाहीत. म्हणजे तुमच्या आठवड्यात सगळ्यांनाच घाई. टॅक्सी, फुलवाला, ब्यूटी पार्लर, सगळं आधी ठरवा. आणि तत्त्वाच्या (दोन्ही घरं एकमेकांना पाठवतात त्या भेटींच्या) ताटांत साडी नेसवलेला रोहू मासा येईल, नथीसकट. घरातल्या शाकाहारी आत्यांना आधी सांगून ठेवा. आमच्या आत्या किंचाळल्या होत्या.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर नागपूरकडून जाणाऱ्यांनी गाडीनेच जावं. गीतांजली संध्याकाळी नागपुरात येते, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. बॅग बर्थखाली साखळीने बांधलेली, झोप लागली तरी पायाला लागते. वर हावडा स्टेशनातून बाहेर पडल्याबरोबर समोर तो पूल. मी तो परतीच्या दिवशी, मुद्दाम वाकडी वाट करून पाहिला. पहिल्याच दिवशी पाहिला असता तर शहराशी माझं भांडण झालंच नसतं बहुतेक. पण तुम्ही पुण्याहून निघणार असाल तर गाडीत दोन रात्री जातात, तीन दिवसांच्या सुट्टीत ते बसत नाही, हे मान्य.

हे सगळं माझ्या एका खेपेवरून आहे, विमान कंपन्यांचे नियम बदलत असतात, तिकिटावरचे वाचून घ्या. तुमचं बियेबाडी, म्हणजे लग्नाचं कार्यालय, कुठल्या भागात आहे ते कळवा. सॉल्ट लेककडे असेल तर उतरायचं ठिकाण वेगळं सांगेन, गडियाहाटकडे असेल तर त्या दशकर्माच्या दुकानाची गल्ली काकींना विचारून लिहितो.