तो दिवस कोणता होता?

फोंडा, आषाढ

बाय, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाई, सर सांगतात प्रयोगाला नर उंदीरच घे, माद्यांमुळे आकडे हलतात." मी गप्प बसले. बोलले असते तर रागाने बोलले असते, म्हणून लिहिते.

हेच वाक्य मी ऐशीच्या दशकात ऐकले होते. तेव्हा मी गॉल्जी पद्धतीने मेंदूचे काप रंगवत होते. पिवळट कापात मोजक्याच पेशी काळ्याभोर उठून दिसतात आणि त्यांच्या फांद्यांवर बारीक काटे, बोरीच्या डहाळीसारखे. एका पेशीचा निरोप दुसरीला बहुतेक तिथेच पोचतो. महिनोन्‌महिने मी ते काटे मोजले. नरांचे आकडे जुळले. माद्यांमध्ये एकीचे भरगच्च, दुसरीचे विरळ. हा गोंधळ आहे, माद्या वगळ, असे मला सांगण्यात आले. मी वगळल्या.

१९९० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून कॅथरीन वूली, ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांचा लेख आला. उंदराच्या मादीचे प्रजननचक्र चार-पाच दिवसांचे. एस्ट्रोजेन हे हार्मोन चढते तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी नाते असलेल्या भागाच्या, एका पट्ट्यातले काटे दाट होतात आणि पुढच्या चोवीस तासांत सुमारे ३० टक्के कमी होतात. तो लेख वाचून मला रात्रभर झोप आली नाही. मेंदूचे काप लावलेल्या माझ्या काचांवर कदाचित हेच होते! पण मेंदू काढला त्या दिवशी ती मादी चक्राच्या कोणत्या दिवशी होती, हे मी वहीत लिहिलेच नव्हते.

म्हणून तुला एवढेच सांगते: दिवस आणि वेळ लिही. स्टेरॉइड हार्मोन किती होते, एवढे विचारून भागत नाही, केव्हा होते हेही विचारावे लागते. रोज सकाळी ठरल्या वेळी ड्रॉपरने सलाइनचा थेंब घेऊन मादीच्या योनिमार्गातल्या पेशींचा स्मिअर, म्हणजे काचेवरचा पातळ थर, काढ. गोल, ठळक केंद्रक असलेल्या पेशी दिसल्या तर एस्ट्रोजेन चढलेले. दुसऱ्या दिवशी पोह्यांसारख्या चपट्या, केंद्रक नसलेल्या पेशी दिसतील. पंधरा दिवसांत हात बसतो.

ताणाच्या हार्मोनचेही तसेच. मॅकइवेन यांनी १९६८ मध्ये दाखवले, की उंदराचे ताणाचे हार्मोन कॉर्टिकोस्टेरॉन त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन बसते. आपले, माणसांचे, ताणाचे हार्मोन कॉर्टिसॉल पहाटेपासून चढते. उंदीर निशाचर, त्याचे कॉर्टिकोस्टेरॉन तिन्हीसांजेला चढते. एका पिंजऱ्यातले रक्त सकाळी दहाला आणि दुसऱ्यातले दुपारी चारला घेतलेस, तर जो फरक दिसेल त्यात तुझ्या औषधाचा भाग किती, हे कोण सांगणार? आणि आपल्याकडे पावसात वीज जाते. ती आली की आधी प्राणिगृहातल्या दिव्याचा टायमर बघ. उजेड सतत राहिला तर माद्यांचे चक्रच थांबते.

माद्या जास्त चंचल असतात, हा समज २०१४ मध्ये जवळजवळ तीनशे शोधनिबंध तपासून खोटा ठरला. उंदरांच्या बहुतेक मोजमापांत नरांचे आकडेही तितकेच हलतात. शिवाय 'हे बायकांचे, ते पुरुषांचे' ही वाटणी मेंदूला मान्य नाही. नराच्या मेंदूतही अरोमॅटेज नावाचे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्रोजेन बनवते. आपल्या परसातला दयाळ उन्हाळ्यात पहाटे किती जीव ओतून गातो आणि थंडीत किती गप्प असतो, ते तू लहानपणापासून पाहिले आहेस. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक नॉटेबोम यांनी १९८१ मध्ये कॅनरी पक्ष्याच्या नरांत दाखवले, की गाण्याची मेंदूतली केंद्रे वसंतात मोठी असतात आणि शरदात आक्रसतात. तिथेही महिना लिहिला नसता तर हाती काय लागले असते?

सरांशी वाद घालू नकोस. त्यांनाही निधीची, मुदतीची काळजी असते. चार माद्या माग, पंधरा दिवसांचे स्मिअर काढ आणि तक्ता त्यांच्या टेबलावर ठेव. तरीही नाही म्हणाले तर मला कळव, मी येऊन बोलेन. हे मी मनापासून सांगते आहे.

माझ्या काचांची लाकडी पेटी अजून कपाटात आहे. चवथीला घरी आलीस की घेऊन जा. प्रत्येक काचेवर प्राण्याचा क्रमांक आहे, तारीख एकीवरही नाही.

तुझ्या बाई