‘शष्प’ म्हणजे काडीच्याही अलीकडचं

प्रश्न असा आला आहे: ‘मला शष्प कळलं नाही’ हे ऑफिसात चारचौघांत बोलावं का, आणि ‘शष्प’ हा मुंबईच्या ‘घंटा’चाच सोवळा अवतार आहे का?

आधी लेखन नीट करू. ‘शस्प’, ‘शश्प’, ‘षश्प’ ही तिन्ही रूपं सर्रास दिसतात आणि तिन्ही चूक. पहिला श शहाळ्यातला, दुसरा ष षटकोनातला आणि त्याला प जोडलेला. ‘पुष्प’ आणि ‘बाष्प’ बिनचूक लिहिणाऱ्यांनी इथेच का अडखळावं, कळत नाही.

‘काहीही नाही’ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मूळ मात्र फार सुंदर आहे. संस्कृतात शष्प म्हणजे नुकतं उगवलेलं कोवळं गवत. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात नंदिनी गाय दिलीप राजाची परीक्षा घ्यायला हिमालयाच्या गुहेत शिरते. त्या गुहेला कालिदासाने विशेषण दिलंय ‘गङ्गाप्रपातान्तविरूढशष्पम्’, म्हणजे गंगेच्या प्रपाताच्या कडेला जिथे कोवळं गवत उगवलंय अशी. त्याहून मागे गेलं तर सौत्रामणी यज्ञात सुरा करायला जी सामग्री लागते, तिच्यातही शष्प आहे: मोड आलेली साळ. शेजारी तोक्म, म्हणजे मोड आलेले जव. थोडक्यात, शष्प म्हणजे जमिनीतून किंवा दाण्यातून नुकतंच डोकावलेलं, अजून काडीसुद्धा न झालेलं.

आता वादाचा भाग. ‘शष्प’चा मराठीत दुसरा अर्थ आहे, गुह्यांगावरचे केस. तो आहेच, नाकारायचं कारण नाही. पण तेवढ्यावरून काही जाणकार निकाल देऊन मोकळे होतात की ‘शष्प कळत नाही’ हे हिंदीतल्या केसांच्या शिवीचं निव्वळ संस्कृत भाषांतर आहे. मला हे अजिबात मान्य नाही. गवताने क्षुद्रता मोजायची सवय आपल्याकडे पुरातन आहे. अशोकवनात सीता रावणाशी बोलते ती मध्ये गवताची काडी ठेवून, ‘तृणमन्तरतः कृत्वा’. तुझी किंमत एवढीच, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. ‘तृणवत् लेखणे’ आजही मराठीत आहे. ‘काडीची अक्कल नाही’, ‘काडीचा उपयोग नाही’ आपण दिवसातून दहादा म्हणतो. लग्न मोडताना काडी मोडायची, म्हणून ‘काडीमोड’. एवढं गवत भाषेत माजलेलं असताना ‘शष्प’साठीच केस कशाला हुडकायचे? काडीचाही फरक पडत नाही, तर काडी होण्याआधीच्या कोंबाचा तरी कुठून पडणार! माझ्या मते ही चढती पायरी आहे, शिवी नंतर येऊन चिकटली.

व्याकरणही हीच बाजू घेतं. ‘काहीच नाही’ सांगणारे शब्द मराठीत दोन जातींचे. एक मापाचे: तीळभर, तसूभर (२४ तसूंचा एक गज), छदाम (सहा दाम), कवडी, काडी. यांना बहुधा ‘नाही’ लागतं. ‘त्याने छदाम दिला’ म्हटलं तर त्याने खरंच काहीतरी दिलं असा अर्थ होईल. दुसरे धुडकावणीचे: डोंबल, कप्पाळ, घंटा. यांच्या पोटातच नकार आहे. ‘डोंबल कळतंय तुला’ म्हणजे काही कळत नाही. ‘शष्प’ जन्माने मापाचा, म्हणून ‘शष्प फरक पडत नाही’ हीच त्याची मूळ ठेवण. अलीकडे ‘शष्प कळतंय त्याला’ असंही ऐकू येतं, म्हणजे मापाच्या शब्दाने ‘नाही’ गिळून टाकलं. फ्रेंचमध्ये हेच झालं: ‘पा’ म्हणजे पाऊल, ‘पाऊलभरही चालत नाही’ म्हणता म्हणता तेच नकाराचं अव्यय बनलं आणि रोजच्या बोलण्यात मूळचं ‘न’ गळूनही जातं.

‘घंटा’चं कूळ वेगळं. तो हिंदीतून मुंबईत आलेला, उघड धुडकावणीचा. मराठीत घंटा स्त्रीलिंगी, पण लोकलमध्ये कान दिलात तर ‘घंटा कळलं’ असंच ऐकाल, ‘घंटा कळली’ कोणी म्हणत नाही. नाम म्हणून तो मेला आहे, नुसता नकार उरलाय. त्याला ‘शष्प’चा भाऊ म्हणणं चूक.

ऑफिसचं म्हणाल तर, मित्रांत ‘शष्प’ खुशाल वापरा. साहेबांसमोर आणि ईमेलमध्ये नको, कारण ऐकणाऱ्याला कालिदास आठवेल याची खात्री नाही. तिथे ‘तसूभरही फरक पडणार नाही’ लिहा. आणि ‘शष्पभर’ मात्र कुठेच नको: ‘तीळभर’, ‘तसूभर’ रूढ आहेत, ‘शष्प’ला मात्र ‘भर’ लागत नाही.