सोन्याच्या खाणींच्या शहरात वेश्येच्या खुनाची एखादी खरी, गूढ घटना आहे का?

आहे. अमेरिकेतल्या नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी, जानेवारी १८६७. हे गाव कॉमस्टॉकच्या खाणींवर उभं राहिलं होतं, तिथे सोन्याबरोबर चांदीही निघायची, चांदी जास्तच. डी स्ट्रीटवरच्या एका छोट्या भाड्याच्या घरात ज्यूलिया ब्युलेट मृतावस्थेत सापडली. मारहाण करून, गळा आवळून तिला मारलं होतं. सकाळी शेगडी पेटवायला येणारा चिनी नोकर आत येऊन गेलासुद्धा. ती झोपलीय असं वाटून त्याने आवाज न करता विस्तव पेटवला आणि निघून गेला. नंतर शेजारीण आली तेव्हा खरं काय ते कळलं. हा प्रसंग वाचला की मला अजून गलबलून येतं.

ज्यूलिया तिथल्या अग्निशमन दलाची मानद सदस्य होती, म्हणून जवान तिच्या अंत्ययात्रेत चालले.

संशयित सापडला तो तिच्या घरातून चोरीला गेलेल्या मालामुळे. तिचे कपडे, दागिने जॉन मिलेन नावाच्या फ्रेंच माणसाकडे निघाले. खून दुसऱ्यांनी केला, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. २४ एप्रिल १८६८ ला त्याला हजारोंसमोर फाशी दिली. त्या गर्दीत लेखक मार्क ट्वेनही होते. त्याचे साथीदार खरोखर होते का, हा प्रश्न तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या: ती ऐषारामात राहणारी श्रीमंत बाई होती, ही नंतर रचलेली दंतकथा आहे. ती मेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं.