लिनक्सवर गेम अडखळतोय? आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता चालू आहे ते बघा

लिनक्स पुन्हा टाकायची घाई करू नका. बहुतेक वेळा एवढं मोडलेलं नसतं.

टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' (glxinfo) चालवा आणि रेंडररची ओळ (renderer, म्हणजे चित्र कोण काढतंय ते) वाचा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) दिसलं, तर चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर करतोय, ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलंय. मग गेमच्या सेटिंग्ज कितीही कमी केल्या तरी फारसा फरक पडणार नाही. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर एरवी कोणती चिप वापरली जाते, तेही इथे कळतं; ती कमी ताकदीची असेल तर गेमही तिच्यावरच चालत असू शकतो.

एएमडी किंवा इंटेल असेल तर वेगळं काही डाउनलोड करू नका. ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सच्या लायब्ररींचा संच) यांच्यातच असतो. सिस्टिम अपडेट केली की पुरे.

एनव्हीडिया असेल तर ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरा असा लिनक्सचा प्रकार) पॅकेज मॅनेजरमधूनच, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या त्याच्या स्वतःच्या सोयीतूनच घ्या. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते: विंडोजच्या सवयीने वेबसाइटवरची फाइल उतरवून चालवतात. आज चालतं, पण पुढच्या कर्नल अपडेटनंतर काळा पडदा येऊ शकतो. मीही त्यात एक अख्खी रात्र घालवली आहे.

आणखी दोन गोष्टी:
- सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, सहसा लोड होत नाही.
- स्टीम या गेमच्या ॲपसाठी ३२-बिट ग्राफिक्स लायब्ररीही लागतात.

एका वेळी एकच बदल करा, रीबूट करा, मग पुढचा. प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) आवृत्त्या, कर्नल पॅरामीटर वगैरे सध्या राहू द्या. रेंडररची ओळ इथे टाका, पुढचं मिळून बघू.