वाचकांचे प्रश्न: शिफ्ट बदलली की रुटीन मोडतंय, काय करू?

प्रश्न: सर, मी २७ वर्षांचा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. मित्राच्या नादानं मुंबईच्या हायरॉक्सला, म्हणजे पळणं आणि मधेमधे ताकदीचे व्यायाम असलेल्या स्पर्धेला, नाव घातलंय, अजून चार महिने हातात आहेत. आमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फर्स्ट, सेकंड, नाईट. पाच-सहा दिवस मस्त होतंय, शिफ्ट बदलली की सगळं मोडतंय आणि मग वाटतं आता सोमवारपासनंच चालू करू. मित्र पहाटे पाचला रंकाळ्यावर असतोय, मला ते जमेना. माझ्यात शिस्तच नाही का?

उत्तर: भावा, भट्टीसमोर आठ-आठ तास उभा राहणाऱ्याला शिस्त नाही असं कोण म्हणेल? तू मित्राचं टाइमटेबल उचललंयस, आणि ते पहाटे पाचला बांधलेलं आहे, एवढीच अडचण आहे. तुझी पहाट एका आठवड्यात झोपेत जाते, दुसऱ्या आठवड्यात कामावर. म्हणून घड्याळ सोड आणि तिन्ही शिफ्टमध्ये न चुकता घडणारं काय आहे ते बघ. झोपून उठणं आणि कंपनीच्या गेटमधनं बाहेर पडणं, ह्या दोन गोष्टी कुठल्याच आठवड्यात चुकत नाहीत. व्यायाम त्यातल्या एकीला बांधून टाक.

फर्स्टला असशील तर सुटल्यावर घरी जायचंच नाही, बॅग बरोबर ठेव आणि गेटमधनं सरळ जिमला. घरी गेलास, हातपाय धुतलेस, आईनं चहा पुढं केला की मग उठवत नाही, सगळ्यांचं तेच होतं. सेकंडला असशील तर उठल्यावर पाणी, एक केळं, बूट आणि रंकाळा, मग सात वाजू देत नाहीतर आठ. नाईटच्या आठवड्यात मात्र आधी झोप पुरी कर, खिडकीला जाड पडदा लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि उठल्यावर हलकं पळ, बास. त्या आठवड्यात जड वजनाला हात लावायचा नाही. झोप कमी असली की स्नायू सावरत नाहीत आणि लक्षपण थाऱ्यावर नसतं, आणि हायरॉक्सच्या पुरुषांच्या ओपन गटात स्लेड, म्हणजे जमिनीवरनं ढकलायचा वजन लादलेला सांगाडा, वजनासकट १५२ किलोचा असतो, तो अर्धवट झोपेत ढकलायची वस्तू नाही. भट्टीवर घाम किती जातो ते तुला मी सांगायला नको, पळायच्या आधी लिंबू-मीठ घातलेलं पाणी घेत जा.

आता सोमवारचं बोलतो, कारण तुझं खरं नुकसान तिथं होतंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात ९६ जण होते, प्रत्येकानं एक छोटी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या कुठल्यातरी ठरलेल्या प्रसंगाला जोडली, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर फळ, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं असलं काहीतरी. ती गोष्ट आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज आला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते म्हणून जे सगळीकडं फिरतंय ते डोक्यातनं काढून टाक. आणि तुझ्या कामाची गोष्ट ही की मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं काही बिघडलं नाही. बुधवारी चुकलं तर गुरुवारी कर, सोमवारची वाट बघण्यात चार दिवस घालवू नको.

अगदीच वाईट दिवसासाठी एक छोटा डाव ठरवून ठेव. वीस बैठका, दहा जोर, संपला विषय. घरातल्या फरशीवरसुद्धा होतंय.

आपल्या तालमीत बघ ना. पोरं पहाटे उठतात ती काय सगळीच मनानं खंबीर असतात असं नाही, पण वस्ताद उभे असतात, माती उकरायची पाळी ठरलेली असते, जोडीदार लांग लावून वाट बघत असतो. तिथं न जाणंच अवघड करून ठेवलेलं असतं. कोल्हापुरात हे पिढ्यान्पिढ्या चाललंय, आपण जिमवाल्यांनी तिथनं शिकायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतं. तू पण तेच कर. रात्री झोपायच्या आधी बूट, मोजे, टॉवेल, केळं बॅगेत भरून बॅग गाडीच्या हँडलला अडकवून टाक, आणि मित्राला सांग की ज्या आठवड्यात वेळ जुळेल त्या आठवड्यात तरी मला फोन करून बाहेर काढ.

ट्रेनिंगचं थोडक्यात सांगतो. स्पर्धेत ८ किलोमीटर सलग पळायचे नाहीत, एक किलोमीटर पळायचं, एक स्टेशन म्हणजे ठरलेला एक व्यायाम करायचा, असं ८ वेळा, आणि त्यातलं शेवटचं स्टेशन १०० वॉल बॉलचं, म्हणजे बैठक मारून जड चेंडू भिंतीवर उंच फेकायचा. म्हणजे थकलेल्या पायानं पळता आलं पाहिजे. आठवड्यातनं एकदा तरी लंजेस (एक पाय पुढं टाकून गुडघ्यात वाकायचं) मारून लगेच पळायला सुटायचं.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, राजारामपुरीत राहते, घरात सहा माणसं. नणंदेबरोबर हायरॉक्स डबल्सला नाव दिलंय. सकाळी व्यायाम जमतो पण जेवणाचं गणित बसत नाही. रविवारी तांबडा-पांढरा असतो, माझं वेगळं करायला घेतलं की सासूबाईंना वाईट वाटतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर पैलवान पितात ते म्हशीचं दूध प्यायलं तर चालेल का?

उत्तर: ताई, वेगळं शिजवू नका. सहा माणसांचं करून परत स्वतःचं उकडलेलं काहीतरी करायचं, हे दोन आठवड्यांच्या वर टिकत नाही, आणि घरातलं माणूस दुखावून केलेलं डाएट तर नाहीच टिकत. भांडं एकच राहू दे, फक्त ताटातलं माप बदला. रविवारी मटणाचे तुकडे नीट घ्या, रस्सा घ्या, वरचा तेलाचा कट बाजूला सारा, भात एकदाच. फक्त सोमवारी लांब पळायचं असेल तर हे जेवण दुपारीच उरका. इतर दिवशी मटकीची उसळ, पिठलं, दही, अंडी, भाकरी हे सगळं घरातलंच आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन असतं. इतका व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागं १.२ ते १.६ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ७० ते ९५ ग्रॅम. ते एका जेवणात बसत नाही, म्हणून सकाळच्या नाष्ट्यापासनंच सुरू करा, नुसत्या चहा-चपातीवर दुपार गाठू नका.

दूध प्या की. पण म्हशीच्या एका ग्लासात ९-१० ग्रॅम प्रोटीनबरोबर १५-१६ ग्रॅम फॅटपण येतं. पैलवानांचा खुराक हा रोज तासन्‌तास मेहनत करणाऱ्यांचा आहे, आपल्याला एक ग्लास पुरे, आणि तो व्यायाम झाल्यावर, आधी नको. आणि सासूबाईंना एकदा स्पर्धेचा व्हिडिओ दाखवा, दोन्ही हातांत १६-१६ किलो घेऊन २०० मीटर चालायचं असतं हे त्यांना दिसू दे, मग ताटात अंडं त्याच वाढतील.

प्रश्न: मी १७ वर्षांचा, अकरावीला आहे. सकाळी वर्कआउटला ताकदच येत नाही. जिममधला एक दादा म्हणतोय की एक इंजेक्शन आहे, मेफेनटरमाइन, मारलं की दोन तास थकवा नाही. घेऊ का?

उत्तर: नको. बाळा, अजिबात घेऊ नको. भूल दिल्यावर उतरलेलं बीपी वर आणायचं ते औषध आहे, दवाखान्यात डॉक्टरांनी समोर उभं राहून द्यायचं. बाहेर कुणी टोचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, बीपी एकदम चढतं, झोप उडते, आणि मग त्याच्याशिवाय व्यायामच नको वाटतो. स्पर्धेत ते बंदी असलेल्या यादीत आहे. तुला सकाळी ताकद येत नाही कारण तू झोपतोस उशिरा आणि येतोस उपाशी, मी रोज ह्या वयाची पोरं बघतो. तुझ्या वयाला आठ तासांच्या वर झोप लागते. पंधरा दिवस रात्री दहाला फोन बाबांकडं दे, सकाळी केळं आणि मूठभर शेंगदाणे खाऊन ये आणि मला परत लिही. ह्याआधी एकदा जरी टोचून घेतलं असशील आणि छातीत धडधड होत असेल तर लाजू नको, सीपीआर ह्या आपल्या सरकारी दवाखान्यात जाऊन काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांग. आणि तो दादा कोण आहे ते आज घरी गेल्यावर बाबांना सांग, तुझ्याबरोबर अजून चार पोरं त्याच्या नादाला लागलेली असतील.